मानमोडीचे साल

इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील गावोगावच्या चावडीवर जन्ममृत्यूची नोंद ठेवण्याचा शिरस्ता होता, आणि माणूस कशाने दगावला हे लिहिण्यासाठी सरकारने जे मोजके रकाने आखून दिले होते त्यांत पटकी होती, देवी होती, प्लेग होता, हगवण होती, अपघात होता, आणि ह्यांपैकी कशातच न बसणाऱ्या, म्हणजे खरे पाहता ज्यांचे कारण गावकामगाराला सांगताच येत नसे अशा सगळ्या मरणांची सोय लागावी म्हणून ‘ताप’ नावाचा एक ऐसपैस रकाना होता. शके १८४० च्या आश्विनात, म्हणजे इसवी सन १९१८ च्या ऑक्टोबरात, दख्खनच्या चावड्यांवर ह्या एका रकान्याकडे असा लोंढा लोटला की वही पुरेना, आणि पुढे पुढे तर वही लिहिणारा हातच अंथरुणाला खिळल्यामुळे कित्येक नोंदी झाल्याच नाहीत. सरकारी दप्तराला जो निव्वळ ताप होता आणि डॉक्टरांच्या भाषेत जो इन्फ्लुएंझा होता, त्याला मराठी मुलखाने मानमोडी असे नाव ठेवले. अंग ठणकावे, उशीवरून मान उचलवू नये, आणि दोन दिवसांपूर्वी मोट हाकणारा गडी गवताच्या काडीसारखा आडवा पडावा, ह्या साऱ्या प्रकाराचे इतके अचूक निदान त्या वेळच्या कोणत्याही वैद्यकीय अहवालात सापडत नाही.

ह्याच दख्खनातला शेवगाव तालुका उदाहरणादाखल घेऊ. तो नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, ईशान्येकडील सरहद्दीचा मुलूख. गोदावरीच्या ह्या तीरावर इंग्रजांचे राज्य आणि पलीकडे पैठण, म्हणजे निजामाचा अंमल. नाव पाण्यात ढकलली की माणूस एका सरकारातून दुसऱ्या सरकारात जाई. १८८४ च्या गॅझेटियरात पाथर्डीही ह्याच तालुक्यात धरलेली आहे, त्यामुळे मुंगीच्या गोदाकाठापासून थेट डोंगरापर्यंतची सारी गावे एकाच मामलेदाराच्या पदरी बांधलेली होती. नदीकडची जमीन काळी आणि भारी, रब्बीच्या ज्वारीची. डोंगराकडची हलकी, खरिपाच्या बाजरीवर जगणारी. धोंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला, परंतु तो नगर, राहुरी, बेलापूर ह्या अंगाने निघून गेला, आणि शेवगावास आगगाडीची शिट्टी तेव्हाही ऐकू आली नाही व आजही येत नाही. नगरहून निघालेल्या माणसाने करंजीचा घाट उतरावा, तिसगाव मागे टाकावे, अमरापुरावरून शेवगाव गाठावे, असा तो सुमारे चाळीस मैलांचा बैलगाडीचा रस्ता होता. अशा आडवळणाच्या मुलखाला मुंबई बंदरातल्या रोगाची भीती ती कसली, असे कोणालाही वाटावे, आणि तसे वाटण्यास त्या काळच्या लोकांपाशी चांगला आधारही होता, तो म्हणजे प्लेगचा अनुभव.

१८९६ साली मुंबईत उतरलेल्या प्लेगने पुढील वीस वर्षांत दख्खनच्या रयतेला एक धडा पक्का शिकविला होता. घरात उंदीर पडला की घर सोडावयाचे, गावाबाहेर माळावर झोपड्या घालावयाच्या, आणि साथ ओसरेपर्यंत उंबरा ओलांडावयाचा नाही. प्रथम सरकारने जुलूम करून शिकविलेली आणि मागून लोकांनी आपखुशीने उचललेली ही रीत प्लेगपुरती शहाणपणाची होती, कारण प्लेग उंदराच्या पिसवांतून येतो आणि उंदीर घरात राहतो. मानमोडीने मात्र हे सारे शहाणपण एका झटक्यात कुचकामी करून टाकले. हा रोग घरात राहत नव्हता, तो माणसाच्या श्वासात राहत होता; माळावर झोपडी घातली तरी माणूस आपला श्वास बरोबर घेऊनच तेथे जाणार.

मुंबईत त्याचे आगमन झाले ते १९१८ च्या जूनमध्ये. त्या महिन्याच्या १० तारखेस गोदीवर पहाऱ्यास असलेले सात पोलीस शिपाई हिवतापाहून निराळ्या अशा तापाने आजारी होऊन इस्पितळात दाखल झाले, आणि त्यांच्या पाठोपाठ गोदीतले हमाल, पेढ्यांतले कारकून, टपाल व गिरण्यांतली माणसे पटापट पडू लागली. शहराचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर ह्यांचे म्हणणे असे की मे महिन्याच्या अखेरीस बंदराला लागलेल्या सैन्याच्या जहाजातून हा रोग उतरला. सरकारचे म्हणणे असे की जहाजावरील माणसांनाच तो मुंबईत जडला. दोन्ही पक्षांचा हा कागदी वाद रंगात आला असता रोग मात्र आगगाडीचे तिकीट काढून देशावर निघून गेला होता. ही पहिली लाट तुलनेने सौम्य होती. तीन दिवसांचा ताप, आठवडाभराची अंगदुखी आणि म्हातारीकोतारी सोडल्यास बहुतेकांची सुटका, असा तिचा एकंदर नमुना असून शहरे, छावण्या आणि लोहमार्गावरची गावे एवढ्यांपुरतीच ती मुख्यतः फिरली. जुलैच्या अखेरीस ती ओसरली तेव्हा लोकांना हायसे वाटले. रुळांपासून दूर असलेल्या गावांना तर ती आल्याचेही फारसे कळले नाही, आणि ह्या न कळण्यातच त्यांचे दुर्दैव होते. कारण सौम्य लाटेत पोळलेल्यांना पुढच्या लाटेत थोडेबहुत कवच मिळाले असावे असे आता अनेक अभ्यासक मानतात. आडवळणाचे गाव जूनमध्ये सुखी होते म्हणूनच आश्विनात उघडे पडले.

दुसरी लाट सप्टेंबरात आली ती निराळ्याच स्वभावाची होती. त्या वर्षीच्या पितृपक्षात मुंबईच्या स्मशानांत जागा अपुरी पडू लागली आणि सर्वपित्री अमावास्या होऊन घटस्थापना होते न होते तोच, ६ ऑक्टोबर १९१८ रोजी, त्या एका शहरात एका दिवसात ७६८ माणसे मेली. मेली ती सर्व थरांतली, पण सारख्या प्रमाणात नव्हे. त्या काळी ज्यांना सरकारी कागदांत खालच्या जातीचे हिंदू म्हणत त्यांच्यात हजारी एकसष्टांहून अधिक माणसे गेली, आणि युरोपियनांत हजारी आठ. एकाच हवेत श्वास घेणाऱ्या एका शहरातील हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले म्हणजे चाळीची खोली आणि बंगल्याची खिडकी ह्यांतील अंतर मैलांत मोजण्याची गरज उरत नाही.

नगर हे त्या वेळी नुसते जिल्ह्याचे ठिकाण नव्हते, ते लष्कराचे ठाणे होते. महायुद्धात पकडलेल्या जर्मनांना डांबून ठेवण्याची छावणीही तेथेच होती. मुंबईस उतरलेली पलटण, रजेवर निघालेला शिपाई, गिरणीतला पगार सोडून जिवाच्या भीतीने गावाकडे पळणारा मजूर, ह्या सर्वांना नगरच्या स्टेशनात उतरविणारी गाडी एकच होती. आणि येथे ह्या रोगाच्या घडणीतील एक बारीकशी गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. इन्फ्लुएंझाचे बीज अंगात शिरल्यापासून ताप भरेपर्यंत साधारणतः एक ते चार दिवस लागतात, बहुधा दोन. आणि ताप भरण्याच्या आदल्या दिवसापासूनच माणसाचा श्वास दुसऱ्याला बाधू लागतो. नगर ते शेवगाव हा बैलगाडीचा प्रवासही मुक्काम धरून दोन दिवसांचाच होता. म्हणजे नगरास धडधाकट दिसणारा माणूस गाडीत बसावा, घाटाखालच्या मुक्कामी चार माणसांत मिसळून त्याने भाकरी खावी, चिलीम ओढावी, तीच चिलीम पुढे द्यावी, आणि शेवगावच्या वेशीत शिरता शिरता त्याला हुडहुडी भरावी, इतका हा हिशेब चपखल बसतो. पटकीचा रोगी वाटेतच पडतो आणि देवीचा रोगी दुरून ओळखू येतो. ह्या रोगाचा वाहक मात्र रामराम घालीत, पाहुणचार घेत, सर्वांची ख्यालीखुशाली विचारीत गावात येई.

त्यात पावसाने पाठ फिरविली होती. १९१८ चा मोसमी पाऊस सबंध हिंदुस्थानात सरासरीच्या पाऊण हिश्श्याएवढाच पडला, आणि १८७७ च्या दुष्काळानंतरच्या अत्यंत कोरड्या वर्षांत त्याची गणना होते. आरंभी बरा लागलेला पाऊस जुलैत रुसला, डोंगराकडची बाजरी जागच्या जागी वाळली, आणि काळ्या रानातली रब्बीची पेर ज्याच्या भरवशावर व्हावयाची त्या हस्ताच्या नक्षत्रातही आभाळ कोरडेच राहिले. हस्त सप्टेंबरच्या अखेरीस लागतो आणि ऑक्टोबरच्या दहाव्या-अकराव्या तारखेस संपतो. मानमोडीचा जोरही नेमका त्याच पंधरवड्यातला. ज्यांच्या रानात थोडीफार ओल होती त्यांच्या घरी तिफण धरणारा माणूस उठण्याच्या स्थितीत नव्हता, ज्यांच्या घरी माणूस उभा होता त्यांच्या रानात ओल नव्हती, आणि दोन्ही असलेल्याच्या कणगीत बियाण्याचे दाणे उरले नव्हते, कारण ते आधीच शिजवून खाल्लेले होते. युद्धामुळे धान्याचे भाव अगोदरच चढलेले होते. उपाशी माणसाला ताप आला आणि तापलेल्या माणसाला उपास घडला; ह्या दोहोंतील आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते हे तगाईचे अर्ज तपासणाऱ्या अव्वल कारकुनालाही सांगता आले नसते.

रोगाची चाल अशी असे. पहिल्या दिवशी थंडी, डोके फुटेल असे दुखणे, कंबर व पाठ मोडल्यासारखी होणे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अनेकांचा ताप उतरे आणि ते वाचत. परंतु काहींच्या बाबतीत ह्या उताराच्या वेळीच छाती भरून येई, कफात रक्त दिसे, आणि ओठ, नखे, कानाच्या पाळ्या निळ्याजांभळ्या पडत. असा रंग आला की घरचे लोक आशा सोडीत. आज आपणास ठाऊक आहे ते असे की मूळ रोगबीज श्वासनळीचे अस्तर खरवडून काढी आणि त्या सोललेल्या अस्तरावर, एरवी नाकाघशात निमूट पडून असणारे फुप्फुसदाहाचे जंतू चढाई करीत. बहुसंख्य मरणे ह्या दुसऱ्या हल्ल्याने झाली. ह्या जंतूंवर चालणारी औषधे बाजारात येण्यास अजून वीस-पंचवीस वर्षे अवकाश होता. क्विनीन दिले गेले, परमँगनेटच्या गुळण्या सांगितल्या गेल्या, घरोघर सुंठीचे व तुळशीचे काढे उकळले गेले. ह्या सर्वांपेक्षा ज्याचा खरोखर उपयोग झाला असता ते साधेच होते: ऊब, पेज, पाणी, आणि ते तोंडाशी नेणारे एक निरोगी माणूस. ते माणूसच मिळेना.

आता ह्या कथेतील जो भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो त्याकडे वळतो. एरवीचा इन्फ्लुएंझा तान्ही मुले आणि वृद्ध ह्यांना नेतो. १९१८ च्या साथीने वीस ते चाळीस वर्षांची कर्ती माणसे नेली. परंतु नेणे आणि लागणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत त्या वेळी घरोघर हिंडून ज्या पाहण्या झाल्या त्यांत असे दिसून आले की रोगाची लागण सर्वांत अधिक झाली ती पाच ते पंधरा ह्या वयाच्या मुलांना, आणि लागण झालेल्यांपैकी सर्वांत कमी दगावली तीही हीच मुले. कुमारवयाला मानमोडीने सर्वांत जास्त गाठले आणि सर्वांत कमी मारले. ती पडली, चार दिवस फणफणली, आणि उठून बसली; उठून पाहतात तो आई निळी पडलेली.

लागण त्यांनाच अधिक का व्हावी हे समजण्यास शास्त्र लागत नाही, एखादी जुनी एकशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणली की पुरे. देवळाच्या ओवरीत किंवा चावडीशेजारच्या खोलीत गुडघ्याला गुडघा लावून बसलेली चाळीस पोरे, सुरात म्हटलेले पाढे, म्हणजे चाळीस तोंडांतून एकदम सुटणारा श्वास, थुंकी लावून तळहाताने पुसलेल्या पाट्या, त्याच हाताने पुढच्याला दिलेली पेन्सिल, आणि सुटी झाल्यावर एकाच पेरूचा चिमणीच्या दाताने तोडून सर्वांनी खाल्लेला तुकडा. सदऱ्याच्या टोकात धरून चावले म्हणजे वस्तू उष्टी होत नाही हा बाळगोपाळांचा धर्मशास्त्रातील सिद्धान्त सोवळेओवळे सांभाळण्यास पुरेसा असेल, पण इन्फ्लुएंझाला तो मान्य नसावा. शाळेतून पोर घरी येई आणि घरातील सर्वांत धट्टाकट्टा माणूस, तिसऱ्या दिवशी, पडे.

वाचण्याचे कारण मात्र इतके सोपे नाही. विद्वानांत एक मत असे की ज्यांचा जन्म १८८९-९० च्या रशियन साथीच्या आगेमागे झाला त्यांच्या शरीराला लहानपणी भेटलेले रोगबीज निराळ्या कुळीचे होते, आणि त्यामुळे ती पिढी १९१८ च्या बीजापुढे फसली. दुसरे असे की तरुण शरीर रोगाचा प्रतिकार इतक्या आवेशाने करते की त्या आवेशातच स्वतःचे फुप्फुस बुडवून घेते, आणि दहा-बारा वर्षांच्या शरीरात तो आवेश अजून यावयाचा असतो. वाद अद्याप मिटलेला नाही. मला ह्यात एकच भर घालावीशी वाटते. कुमारवयाचे हे कवच मुलींना मुलांइतके लाभले असेल असे मानता येत नाही. त्या काळी शारदा कायदा व्हावयाचा होता, तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलगी सासरी नांदत असे आणि सोळाव्या वर्षी पुष्कळदा तिची कूस उजवलेली असे. आणि गर्भारशी स्त्रिया ह्या साथीत कोणत्याही देशात सर्वांत वाईट रीतीने गेल्या. हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा बायका अधिक मेल्या हे सरकारी आकड्यांवरून दिसतेच. एकतर त्या आधीच अर्धपोटी होत्या. शिवाय घरातील प्रत्येक आजाऱ्याच्या तोंडाशी तोंड नेऊन पाणी पाजण्याचे काम त्यांचे होते, आणि त्या स्वतः पडल्या म्हणजे त्यांना पाणी पाजण्याचे काम कोणाचेच नव्हते.

सरकारने काय केले, असा प्रश्न सहज मनात येतो. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अनेक डॉक्टर त्या वेळी लढाईच्या कामावर होते, आणि खेड्यापाड्यांत डॉक्टर हा प्राणी एरवीही दुर्मीळच होता. शिवाय बावीस वर्षांपूर्वीच्या प्लेगात घरांत शिपाई घुसवून जो अनुभव सरकारने पदरात पाडून घेतला होता, ज्याची परिणती २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी चालण्यात झाली, त्यानंतर सक्तीच्या उपायांची हौस कोणालाच उरली नव्हती. मुंबईसारख्या शहरी नारायण मल्हार जोश्यांनी १९११ साली स्थापलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे स्वयंसेवक आणि निरनिराळ्या ज्ञातिसंस्था औषधे व दूध घेऊन चाळी चढल्या. खेड्यात लीग नव्हती. तेथे होते पाटील, कुलकर्णी आणि महार. आणि खरे सांगावयाचे तर त्या वहीतल्या आकड्यांचा सगळा डोलारा शेवटच्या ह्या माणसाच्या पायांवर उभा होता. मरणाचा सांगावा परगावच्या सोयऱ्यांना पोचविणे हे त्याच्या वतनी कामांपैकी एक, आणि ज्या घरात कोणी पाऊल टाकीना त्या घराच्या दाराशी जाऊन चौकशी करण्याचे कामही बहुधा त्याच्याकडेच येई. महारवाड्यातील मेलेल्यांचा सांगावा घेऊन कोण गेले, हे मात्र वहीत असण्याचे कारण नव्हते.

ह्या साथीच्या घरोघर सांगितल्या जाणाऱ्या हकीकतीत एक वाक्य हमखास येते: एकाला पोचवून परत आलो तो दुसरा आटोपलेला. हेच वाक्य प्लेगविषयी सांगतात, पटकीविषयीही सांगतात, तेव्हा इतिहास लिहिणाऱ्याने त्यावर शब्दशः विसंबून राहू नये हे खरे. तथापि ह्या हकीकती सांगणारा माणूस कोण असतो हे पाहण्यासारखे आहे. तो जवळजवळ नेहमी त्या वेळचे दहा-बारा वर्षांचे मूल असतो. ज्यांनी निर्णय घेतले, कर्जे काढली, सरणाची लाकडे जमविली त्या माणसांची मानमोडी आपल्यापर्यंत पोचलीच नाही. पोचली ती तापातून नुकतेच उठलेल्या, भिंतीला टेकून बसलेल्या पोराच्या डोळ्यांनी पाहिलेली. म्हणूनच तिच्यात तारखा नसतात आणि कारणे नसतात, असते ती बुजगावण्यासारखी उभी राहिलेली बिनकापणीची बाजरी, किंवा दावणीला पाण्यावाचून हंबरणारी बैलजोडी.

त्या वर्षीची दिवाळी नोव्हेंबरच्या आरंभी आली आणि गेली. त्यानंतर आठवड्याभरात, ११ नोव्हेंबर रोजी, युरोपातील युद्ध थांबल्याची वार्ता आली व सरकारी कचेऱ्यांतून आनंदोत्सवाचे हुकूम सुटले. देशावर तोपर्यंत साथीचा मुख्य भर सरला होता आणि दुष्काळाचा सुरू झाला होता. मुंबई इलाख्यात ह्या काही महिन्यांत दहा लाखांहून अधिक माणसे गेली असे धरतात. सबंध हिंदुस्थानचा प्रारंभीचा सरकारी अंदाज साठ लाखांच्या आसपास होता, आणि पुढे लोकसंख्याशास्त्रज्ञांनी हिशेब पुन्हा मांडला तेव्हा तो सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत चढला. महायुद्धात सगळ्या राष्ट्रांचे मिळून जितके सैनिक पडले त्यांच्याहून अधिक माणसे, बहुधा, एकट्या ह्या देशाने तापाच्या रकान्यात घातली. नगर जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर १९११ च्या खानेसुमारीत येथे ९ लाख ४५ हजार माणसे होती, आणि १९२१ मध्ये ७ लाख ३१ हजार भरली. ह्या तुटीत दुष्काळाने पोट भरण्यास परमुलखी गेलेल्यांचा वाटा मोठा आहे हे विसरून चालणार नाही, कारण १९२० च्या पावसानेही दगा दिला होता. तरीसुद्धा चार-पाच माणसांमागे एक माणूस दहा वर्षांत जागेवरून नाहीसे होणे ही गोष्ट लहान नव्हे. साथीच्या पुढील वर्षी जन्मही एकदम घटले. ज्यांनी बाप व्हावयाचे आणि आया व्हावयाचे तेच गेले होते.

मारणारा कोण हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. १८९२ साली फायफर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने एक जंतू शोधून त्यास इन्फ्लुएंझाचे कारण ठरविले होते आणि १९१८ मध्ये जगभरचे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली त्याचाच मागोवा घेत होते. तो कधी सापडे, कधी सापडत नसे. खरा अपराधी इतका बारीक होता की जंतू अडविणाऱ्या गाळणीतून तो सहज पार होई. १९३३ साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ ह्यांनी तो विषाणू फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यात वाढवून दाखविला, आणि त्यांतील एक फेरेट स्मिथसाहेबांच्या तोंडावर शिंकून त्यांनाच ताप आला तेव्हा पुराव्यास पूर्णता आली. परंतु १९१८ चा विषाणू स्वतः कसा होता हे कळण्यास आणखी सत्तर वर्षे लागली. अलास्कातील ब्रेविग मिशन नावाच्या बर्फाळ वस्तीत त्या नोव्हेंबरात पाच दिवसांत ऐंशीपैकी बहात्तर माणसे मेली होती. तेथील गोठलेल्या मातीतून १९९७ साली एका स्त्रीचे फुप्फुस मिळाले, आणि त्यावरून २००५ पर्यंत विषाणूची संपूर्ण कुंडली मांडता आली. त्या वस्तीत मागे उरली होती ती मुलेच. पृथ्वीच्या त्या टोकाला आणि गोदावरीच्या काठी साथीचा न्याय एकच होता.

कुमारवय आणि इन्फ्लुएंझा ह्यांचे सख्य पुढेही सुटले नाही. १९५७ च्या मे महिन्यात सिंगापुराहून मद्रासेस आलेल्या जहाजातून नव्या कुळीचा विषाणू उतरला. वर्षभरात देशात चव्वेचाळीस लाखांवर रोगी नोंदले गेले, मृत्यू मात्र हजाराच्या थोडे वर, आणि जगात सर्वत्र ह्या साथीने शाळकरी मुलांनाच प्रथम व सर्वाधिक गाठले. २००९ च्या पावसाळ्यात पाचगणीच्या एका निवासी शाळेत स्वाइन फ्लू शिरला तेव्हा एकाच छपराखाली झोपणाऱ्या मुलांत तो वणव्यासारखा फिरला आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला त्याचा मार्ग पावलापावलाने नोंदविता आला. त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी पुण्यात ह्या रोगाने देशातला पहिला बळी घेतला तो चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा. शाळा बंद झाल्या, रुमाल बांधलेल्या माणसांनी रस्ते भरले, आणि एका मृत्यूची वार्ता दिवस मावळण्याच्या आत शेवगावच्या स्टँडवर पोचली. १९१८ साली दीडशे-दोनशे मरणांची वार्ता तालुक्याच्या कचेरीत पोचण्यास कागदाला पंधरवडा लागे, आणि पोचल्यावर त्यावर लिहिलेले असे ते फक्त ‘ताप’.

१९३१ च्या खानेसुमारीत नगर जिल्ह्याची वस्ती पुन्हा वाढून ९ लाख ८८ हजारांवर गेली. मानमोडीच्या साली जी पोरे दहा-पंधरा वर्षांची होती ती आता बावीस ते सत्तावीस वर्षांची, म्हणजे त्या साथीने ज्या वयाची माणसे वेचून नेली नेमकी त्या वयाची झाली होती. गणतीचा कारकून शेवगाव-बोधेगावच्या बाजूच्या एखाद्या वाड्याच्या दाराशी उभा राहून कुटुंबातील कर्त्या माणसाचे नाव विचारी तेव्हा पुढे येई तो पंचविशीचा गडी असे. बारा वर्षे कर्तेपण केल्याने थोडा पोक्त दिसणारा. आणि त्याच्या मागे ओसरीवर जी दोन-तीन पोरे धूळ उडवीत असत त्यांची नावे, वये, जात, धंदा असे सारे रकाने भरून झाल्यावर घरात आणखी वडीलधारे कोणी आहे काय, ह्या प्रश्नाला तो मानेनेच नाही म्हणे.